ऐरोलीत आगरी खानावळ: नाव, पाटी, मेन्यू, डबे. आधी काय ठरवायचं?

सेक्टरवाली_ऐरोली

नमस्कार मंडळी. ऐरोलीत सोसायटीच्या तळमजल्यावर गाळा घेतलाय. आगरी-कोळी जेवण: तांदळाची भाकरी, कालवण, सुकट, चिंबोरी, रविवारी मटण-वडे. बसायला 24 जागा, पण निम्मा धंदा पार्सलचा धरलाय. दारू नाही. शटरच्या वर पाटीसाठी 10 फूट रुंद, अडीच फूट उंच एवढाच पट्टा आहे, त्यापलीकडे सोसायटी एक इंच देणार नाही. समोरचा फुटपाथ साधारण 60 फुटांवर, मध्ये दोन झाडं. आमच्या रांगेत मेडिकल, मोबाइलवाला, चायनीज आणि एक उडपी.

नावं तीन निघालीत: 'आगरी तडका', 'खाजण' आणि 'मिठागर'. भाच्याने लोगो करून दिलाय: फ्लेमिंगो, त्याला फेटा आणि नथ (दोन्ही!), चोचीत काटा-चमचा, मागे मावळता सूर्य. कॉफीच्या मगवर आणि काळ्या टी-शर्टवर बसवून दाखवला तेव्हा झकास दिसत होता. घरात त्यावरून दोन तट आहेत.

पाटी, मेन्यू, पिशव्या, टी-शर्ट सगळं धरून दीड लाख बाजूला काढलेत. पावसाळ्याआधी उघडायचंय. सुरुवात कुठून करू आणि पैसा कशावर घालू?

---

रंगरेषा

ताई, लोगो सध्या बाजूला ठेवा. आधी नाव, मग त्या नावाची अक्षरं, मग पाटी. चिन्ह लागलंच तर शेवटी. शेजारची बाई "तिथून पार्सल आण" म्हणते तेव्हा नाव सांगते, चित्राचं वर्णन करत नाही.

'आगरी तडका' सोडा. जेवणाचा प्रकार सांगणारा शब्द आणि त्याला जोडलेला 'तडका', 'स्वाद', 'दरबार' हा साचा ठाण्यापासून पनवेलपर्यंत इतका वापरून झालाय की गुगल मॅपवर तुमच्यासोबत आणखी पाच जण दिसतील. ट्रेडमार्कलाही वर्णनात्मक नाव म्हणून हरकत येते. पाटीवर 'आगरी' हवंच, पण नावाखालच्या ओळीत.

'खाजण' म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. शब्द गोड आहे, इथल्या मातीतला आहे. पण खानावळीच्या पाटीवर पहिली दोन अक्षरं काय वाचली जातात ते बघा. उजेडाच्या पाटीत कधी ना कधी एखादं अक्षर विझतंच. 'ण' गेला तर रात्रभर हसं होईल. नाव पक्कं करताना एकेक अक्षर झाकून वाचून बघायचं, ही पाटीच्या धंद्यातली जुनी सवय आहे.

राहिलं 'मिठागर'. मला हेच आवडतं. ठाण्याच्या खाडीकाठची मिठागरं अजून लोकांना माहीत आहेत, शब्द जेवणाजवळचा आहे आणि तरी जेवणाचं वर्णन करत नाही, त्यामुळे नोंदणीलाही बरा. ठाण्यातल्या मामलेदार मिसळीचं नाव कचेरीवरून आलं, पदार्थाच्या चवीवरून नाही. जागेशी बांधलेली नावं टिकतात.

एक खोच आहे. रोमन लिपीत 'मिठागर' लिहिलं की हिंदी वाचणारा त्याला 'मीठा घर' वाचतो, म्हणजे मिठाईचं दुकान. डिलिव्हरीच्या ॲपवर नाव बहुतेक रोमनमध्येच दिसतं, म्हणून तिथे 'आगरी-कोळी खानावळ' ही जोड कधीच सुटू द्यायची नाही. रोमन स्पेलिंग आजच एक ठरवा: पहिल्या अक्षरात एक 'आय' की दोन 'ई', 'टी'नंतर 'एच'. जे ठरेल तेच पाटीवर, बिलावर, गुगलवर आणि यूपीआयच्या नावात. माझं मत एका 'आय'ला, कारण दोन 'ई' घातले की 'मीठा' आणखी पक्कं होतं.

शोध घ्यायला ट्रेडमार्क खात्याच्या साइटवर फुकट सोय आहे. उपाहारगृहाचा वर्ग 43. नुसतं अचूक नाव शोधू नका, उच्चारसाधर्म्याचा पर्यायही वापरा. अर्जाचा नमुना टीएम-ए, ऑनलाइन भरला तर व्यक्ती किंवा लघुउद्योगाला एका वर्गाचे ₹4,500, बाकीच्यांना ₹9,000. लघुउद्योग म्हणून भरायचं तर उद्यम नोंदणी आधी करून ठेवा. पुढे बाटलीतला आगरी मसाला विकायचा विचार असेल तर वर्ग 30 वेगळा, सुकी मासळी किंवा लोणचं असेल तर 29. पैसे एकाच अर्जाचे असतील तर चित्र न भरता नुसता शब्द भरा. चित्र दोन वर्षांनी बदलेल, शब्द राहील. मंजुरीनंतर नाव खात्याच्या जर्नलमध्ये छापतं, त्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी होईपर्यंत वर्तुळातलं 'आर' लावायचं नाही, तो गुन्हा आहे. 'टीएम' लावलं तर चालतं.

फ्लेमिंगोबद्दल: नवी मुंबईत भिंतींवर, पुलांखाली, बसथांब्यांवर तोच उभा आहे. तुमच्या पाटीवर तो महापालिकेचा वाटेल.

---

पाटीवाला_कळवा

दीड लाखातला निम्मा पैसा पाटीला धरा. बाकी सगळं हळूहळू सुधारता येतं, पाटी एकदा चढली की चार-पाच वर्षं उतरत नाही.

माप असं काढा. ढोबळ नियम: दर 10 फूट अंतराला 1 इंच अक्षर. 60 फुटांना 6 इंच म्हणजे जेमतेम, तेही उभं राहून बघणाऱ्याला. रिक्षातून जाणाऱ्याला दुप्पट लागतं, आणि तुमच्याकडे मध्ये झाडंही आहेत. म्हणून 'मिठागर' 12 इंचांचं करा. पण हे 12 इंच शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायचे. पाटीवाले बरेचदा वेलांटीच्या टोकापासून मोजतात आणि 12 सांगून 8 इंची अक्षर देतात. कोटेशनमध्ये 'शिरोरेषा ते पाया 12 इंच' असं लिहूनच घ्या. वर वेलांटीला साधारण 4 इंच गेले तरी 30 इंचांच्या पट्टीत नाव आणि त्याखाली 4 इंची 'आगरी-कोळी खानावळ' बसतं, जरा घट्ट पण बसतं. शब्दाची रुंदी चार-साडेचार फूट होईल. उरलेल्या जागेत रोमन नाव 5-6 इंचांचं आणि बाकी मोकळं सोडा. हो, मोकळं. तिथे फोन नंबर, 'होम डिलिव्हरी', 'शुद्ध मसाले', पापलेटचा फोटो काही नाही.

मराठीबद्दल कायदाही स्पष्ट आहे. दुकाने-आस्थापना कायद्याच्या 2022च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची आहे. मराठी आधी, आणि तिची अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नकोत. सुप्रीम कोर्टाने दिलेली मुदत 25 नोव्हेंबर 2023 ला संपली. 'वर छोटं मराठी, खाली मोठं इंग्रजी' अशी सूचना कोणी आणली तर पाटी पुन्हा करावी लागेल.

आता बनावट. पाठीला 4 मिमीचं बाहेर वापरायचं एसीपी (ॲल्युमिनियम चढवलेला प्लास्टिकचा फलक), आत एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम, दर दोन फुटांवर आडवा-उभा आधार. साधं लोखंड असेल तर कापून, वेल्डिंग करून, मग रेड ऑक्साइड (गंज रोखणारा पहिला हात) आणि रंग. वेल्डिंगच्या जागा बुजवल्या नाहीत तर गंज तिथूनच सुरू होतो आणि पहिल्या पावसात एसीपीवर तांबडे ओघळ दिसतात. अक्षरांची बाजू स्टीलची करणार असाल तर 304 ग्रेडचं मागा. खाडीच्या खाऱ्या हवेत 202 वर वर्षाच्या आत चहासारखे डाग येतात, आणि नवीन असताना दोन्हीत नजरेला फरक कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

अक्षराचा पुढचा भाग 3 मिमी दुधी ॲक्रिलिक, खोली अडीच ते तीन इंच. खोली कमी केली की मोड्युलचे (आतल्या छोट्या एलईडी दिव्यांचे) ठिपके बाहेरून दिसतात. प्रत्येक अक्षराच्या तळाला 5 मिमीची दोन भोकं, पाणी निथळायला. ही भोकं विसरली की जुलैत अक्षर आतून घामेजतं आणि मोड्युल एकेक करून जातात. मोड्युल 12 व्होल्टचे, आयपी67, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे. समजा 60 मोड्युल लागले, प्रत्येकी दीड वॅट, म्हणजे 90 वॅट. एसएमपीएस (घरातल्या विजेचे 12 व्होल्ट करून देणारा डबा) 80 टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नसतो, म्हणजे 112 वॅटच्या वर हवा. 150 वॅटचा घ्या. तो पाटीच्या पोटात कोंबू देऊ नका. शटरच्या आत, हात पोचेल अशा जागी ठेवा, वेगळी एमसीबी आणि टायमर लावा. एसएमपीएस हाच भाग आधी जातो, आणि तो बदलायला दर वेळी शिडी-परांची लागली तर पाटी महिनाभर अंधारात राहते.

उजेड 3000 केल्विनचा, पिवळसर. मेडिकल आणि मोबाइलवाल्याकडे पांढराफटक असेलच. त्या रांगेत पिवळा उजेड जेवणाचा वाटतो.

---

जोडाक्षर

वरच्या पाटीच्या मापांवरून अक्षराचा प्रकार आपोआप ठरतो, ते सांगतो.

मोड्युल बसायला अक्षराची रेघ किमान दीड इंच जाड लागते. 12 इंची अक्षराला पावणेदोन इंच धरा. म्हणजे जाड-बारीक रेघांचा जो फरक छापील मथळ्यात देखणा दिसतो, तो पाटीत चालत नाही. शिरोरेषा बारीक असलेला फॉन्ट घेतला तर शिरोरेषाच अंधारी राहते आणि अक्षरं लोंबकळल्यासारखी दिसतात. 'मि'ची वेलांटी टोकाला निमुळती होते, तिथेही मोड्युल शिरत नाही आणि टोक काळं पडतं. टोक बोथट करून घ्या, रेघ शेवटपर्यंत एकाच जाडीची. 'ठ'च्या पोटातली पोकळी मात्र उघडी ठेवा. जाडी वाढवताना ती बुजली की 60 फुटांवरून नुसता पांढरा गोळा दिसतो.

फॉन्ट विकत घ्यायची गरज नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्यांचे मुक्त परवान्याचे फॉन्ट व्यवसायाला बिनधास्त चालतात. बलू गोलसर आणि जाड आहे, पाटीला जवळजवळ तयारच. पण तो इतक्या ठिकाणी दिसतो की जसाच्या तसा नका वापरू, 'ग' आणि 'र' हाताने थोडे बदलून घ्या. मोदक पाटीला बघूही नका, त्याच्या पोकळ्या इतक्या बारीक आहेत की दुरून वाचताच येत नाहीत. यात्रा वन 'एक टाइप'चा नाही, पण तोही मुक्त आहे. त्याचं मूळ मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांत आहे. आपल्याकडच्या नजरेला तो ओळखीचा वाटतो, खानावळीला शोभेल, फक्त तिरपी टोकं ॲक्रिलिकमध्ये कापताना काळजी घ्यावी लागेल. मेन्यूच्या मजकुराला मुक्ता. त्यात बरीच वजनं (जाड-बारीक प्रकार) आहेत, लहान आकारात स्वच्छ वाचतो, आणि रोमन अक्षरंही त्याच घडणीची मिळतात.

आणखी एक चांगला मार्ग: नावापुरतं चार अक्षरांचं लेखन एखाद्या सुलेखनकाराकडून करून घ्या. अख्खा लोगो करून घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि दुसऱ्या कोणाकडे तसं असणार नाही. मात्र त्यांना पाटीची रेघ पावणेदोन इंचांची आहे हे आधीच सांगा, नाहीतर बोरूच्या बारीक रेघा येतील आणि पाटीवाला त्या स्वतःच्या मनाने फुगवेल.

मेन्यू टाइप करताना 'तिसऱ्या' हा शब्द परीक्षेचा. युनिकोड नीट न हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो 'तिसर्या' होतो, रफार चढतो आणि शिंपल्यांचं भलतंच काही होतं. 'भाकऱ्या'चंही तेच. मराठीचे 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या घडणीचे असतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी रूप येत नाही. प्रेसमध्ये कोरल ड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असली की वेलांट्या उड्या मारतात. म्हणून प्रेसला मजकूर कधीच पाठवू नका, अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे चित्र) केलेली पीडीएफ पाठवा, आणि ती छापील प्रुफावर कोणा मराठी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. पडद्यावर वाचून भागत नाही.

---

सेक्टरवाली_ऐरोली

खूप खूप आभार. 'मिठागर' पक्कं. घरात फ्लेमिंगोवरून अजून कुरबुर आहे, पण चालेल. भाच्याने आता नवीन कल्पना काढलीय: चौकोनाच्या आत मिठाची रास, म्हणजे त्रिकोण, विटकरी रंगात. साधं आहे, शिक्क्यावर पण बसेल. ही चालेल ना?

शिवाय दोन प्रश्न. मासळीचे भाव रोज बदलतात, मग मेन्यू छापायचा कसा? आणि पार्सलच्या डब्यांवर छापून घ्यायला प्रेसवाले 5,000चा आकडा सांगतात, तेवढे ठेवायला जागा नाही.

---

रंगरेषा

चौकोनात विटकरी त्रिकोण म्हणजे मांसाहाराचं सरकारी चिन्ह झालं! अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020च्या लेबलिंग नियमांनी मांसाहाराची जुनी खूण, तपकिरी गोळा, बदलून तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण केली. डब्यावर तुमचं चिन्ह बघून लोक तेच समजतील, आणि सोलकढीच्या बाटलीवर ते लागलं तर रीतसर भांडण.

भाच्याची दिशा बरोबर आहे, फक्त रास सोडा आणि मिठागर वरून कसं दिसतं ते घ्या: बांधांनी पाडलेले लहानमोठे चौकोनी वाफे, एकही दुसऱ्याच्या मापाचा नाही. चार-पाच असमान चौकोन, मध्ये जाड रेघा, एवढंच. ते चिन्ह म्हणून लावायचं नाही, नक्षी म्हणून वापरायचं: पिशवीच्या कडेला, मेन्यूच्या मागे, टी-शर्टच्या पाठीवर, जमलं तर आतल्या एका भिंतीच्या टाइल्समध्ये. नावाची अक्षरं आणि ही नक्षी, एवढी ओळख खानावळीला भरपूर झाली. गुगल आणि ॲपवर गोल चौकटीत नुसतं 'मि' टाका. पूर्ण नाव त्या आकारात मुंगीएवढं होतं. गुगलवर नाव मात्र पाटीवर आहे तसंच भरा. 'मिठागर बेस्ट आगरी फिश थाळी ऐरोली' असं भरलं की प्रोफाइल बंद होण्याची पाळी येते.

भाचा घरचा असला तरी एक कागद करा. बाहेरच्या माणसाने केलेल्या चित्राचा कॉपीराइट लेखी हस्तांतराशिवाय तुमचा होत नाही. आणि त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती 5 वर्षंच धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. 'कायमस्वरूपी, जगभर' हे दोन शब्द त्यात हवेतच. तयार टेम्प्लेटमधलं चित्र वापरलं असेल तर ते तुमच्या एकट्याचं कधीच होत नाही, तेही विचारून घ्या.

---

छापखाना_नौपाडा

मेन्यूचे दोन भाग करा. भाकरी, भात, वडे, सोलकढी, चिकन-मटण, ज्यांचे भाव चार-सहा महिने टिकतात, ते छापील. मासळीचा रोजचा कागद वेगळा: ए5 आकाराच्या कागदावर वर 'आजची मासळी' आणि वाफ्यांची नक्षी एका रंगात हजार प्रती छापून ठेवा, खाली रोज हाताने लिहा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा त्याच कागदावर सुकट, जवळा, सुके बोंबील आणि चिंबोरी येतील. 'बाजारभावाप्रमाणे' असं छापू नका, ते वाचून गिऱ्हाईक विचारायला संकोचतं आणि चिकन मागवतं.

छापील मेन्यूला न फाटणारा एनटीआर कागद घ्या, 175 मायक्रॉन. ओल्या फडक्याने पुसता येतो. आर्ट कार्डवर मॅट लॅमिनेशन हातात छान लागतं, पण लॅमिनेशन करून कडेला कापलं की कागदाची कड उघडी राहते, तिथून तेल-पाणी आत शिरतं आणि महिनाभरात कोपरे फुगतात. पार्श्वभूमी पांढरी नको, हळदीची बोटं पहिल्याच आठवड्यात उमटतील. विटकरीवर पांढरी अक्षरंही नकोत: मुक्ता 9 पॉइंटच्या खाली अशी गडदावर पांढरी छापली की अनुस्वार भरून जातात. फिकट मातकट पार्श्वभूमी, गडद अक्षरं.

रंग ठरवताना उलटा क्रम लावा. आधी पाटीवाल्याच्या व्हिनाइलच्या (चिकटवायच्या रंगीत प्लास्टिकच्या) शेडकार्डातून रंग निवडा, कारण तिथे मोजके रंग असतात. मग छपाईत तो जुळवा. विटकरीसाठी छपाईच्या चार शायांचे टक्के सायन 20, मॅजेंटा 90, यलो 90, ब्लॅक 10 पासून सुरुवात करून प्रुफ काढा. खाडीचा गडद निळा हवा असेल तर सायन आणि मॅजेंटात किमान 30चं अंतर ठेवा, नाहीतर छापून जांभळा येतो आणि दोष प्रेसला मिळतो.

डब्यांवर छापूच नका. साधे डबे, साध्या तपकिरी कागदी पिशव्या आणि पिशवीला शिक्का. पॉलिमरचा शिक्का 4 इंची करून घ्या, त्यातली कुठलीही रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको, नाहीतर खडबडीत कागदावर तुटते. भरीव भाग मोठा असेल तर शाई मध्ये फिकट आणि कडेला दाट उतरते, म्हणून वाफे भरून न काढता रेघांनी काढा. शिक्का पिशवीच्या बाहेरच्या बाजूलाच. अन्नाला लागणाऱ्या बाजूला छपाई नको. भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याला बंदी आहे.

डब्याला स्टिकर: 30 बाय 150 मिमीची पट्टी, झाकणावरून दोन्ही बाजूंना उतरणारी. तीच सील होते. साधं क्रोमो कागदाचं स्टिकर गरम कालवणाच्या वाफेने सुटतं आणि त्याची शाई बोटाला लागते. पीपीचं (प्लास्टिकचं) घ्या, दर जरा जास्त पडला तरी. त्यावर नाव, फोन, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नंबर, आणि शाकाहार-मांसाहाराचे दोन चौकोन टिक करायला. हजाराच्या रोलमध्ये मिळतात, एका खणात मावतात.

बिलाचं कोणी बोललं नाही. 80 मिमीच्या थर्मल प्रिंटरवर छापायला 72 मिमी मिळतात, 203 डीपीआयला (इंचाला 203 ठिपके) म्हणजे 576 ठिपके. नाव 400 ठिपके रुंदीचं, शुद्ध काळं-पांढरं बीएमपी चित्र करून द्या. रंगीत लोगो घातला की मशीन त्याची राखाडी चिखल करतं. एफएसएसएआयचा नंबर 1 जानेवारी 2022 पासून बिलावरही सक्तीचा आहे. बिलिंगवाल्याला तो पहिल्याच दिवशी भरायला लावा.

---

मीपण_दुकानदार

एक सुचवू? पहिले तीन महिने फ्लेक्स लावा, धंदा बघा, मग खर्चाची पाटी. पाऊण लाख आधीच अडकवायचे कशाला?

---

पाटीवाला_कळवा

भाऊ, तर्क बरोबर आहे, पण पावसाळ्याच्या तोंडावर नको. फ्लेक्स जूनच्या वाऱ्यात फ्रेमवरून सुटतो, आणि परिसरातले लोक पहिल्या तीन महिन्यांतच तुम्हाला मनात कुठल्या खणात टाकायचं ते ठरवतात. पीव्हीसीचा बॅनर 100 मायक्रॉनपेक्षा पातळ असेल तर 1 जुलै 2022 पासून त्यावर बंदीही आहे. पैसे वाचवायचेच असतील तर फ्रेम आणि एसीपी आत्ता करा, नाव कापीव व्हिनाइलचं लावा आणि वरून दोन गूजनेक (वाकड्या नळीचे) दिवे टाका. उजेडाची अक्षरं दिवाळीला, त्याच मापात, त्याच जागी. फक्त एसएमपीएसची वायर आत्ताच ओढून ठेवा, नाहीतर दिवाळीत एसीपी फोडावं लागेल.

ताईंसाठी आणखी एक, डिझाइनवाले हमखास विसरतात: जीएसटी असेल तर नंबर प्रवेशद्वारावरच्या नामफलकावर दिसला पाहिजे. जीएसटीची कॉम्पोझिशन योजना (लहान धंद्यांना उलाढालीवर ठरावीक कर) घेतली असेल तर 'कॉम्पोझिशन टॅक्सेबल पर्सन' हे शब्दही दर्शनी फलकावर लागतात. त्यासाठी मोठ्या पाटीवर गर्दी करू नका. दाराच्या चौकटीशेजारी 8 बाय 10 इंचाची लहान पट्टी करा, वर मराठीत नाव, खाली नंबर. परवान्याची प्रत आत गल्ल्याजवळ.

---

सेक्टरवाली_ऐरोली

गूजनेकचा मार्ग पटला, तसंच करते. टी-शर्ट?

---

छापखाना_नौपाडा

गडद रंगाचे, पांढरे नाहीत. माणशी तीन: एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळत, आणि पावसाळ्यात वाळत असलेला दोन दिवस वाळत नाही. स्क्रीन प्रिंटिंग एका रंगात, पाठीवर नाव 10 इंच रुंद, छातीवर काही नको, एप्रनखाली झाकलं जातं. एप्रनवर छापायचं असेल तर खिशाच्या वर. रबर प्रिंट भट्टीजवळ चिकट होऊन सोलतं, पाण्याच्या शाईची छपाई मागा.

---

पाटीवाला_कळवा

आणि पाटीचं माप शटर बसून, वरचं प्लास्टर आणि रंग झाल्यावरच घ्या. शटरचा बॉक्स आला की अडीच फुटांचे सव्वादोन होतात, मग 12 इंची अक्षर आणि खालची ओळ यांतलं एक काहीतरी कापावं लागतं. तसं झालंच तर रोमन नाव लहान करा, 'आगरी-कोळी खानावळ' नको.